उठण्याची परीक्षा

आज माझी परीक्षा होती, आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नव्हतं. बहात्तराव्या वर्षी परीक्षेला जायला मी अशी उतावीळ होईन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं असं, की हिवाळ्यात इथे अमेरिकेत, आमच्या शुगर लँड गावात, एकदम पाणी गोठवणारी थंडी पडणार होती, म्हणून कढीपत्त्याची कुंडी आत आणताना मी मागच्या दारात पडले. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना. शेजारचे नरेंद्रभाऊ कुत्र्याला फिरवून येईपर्यंत मी तशीच कुंडीशेजारी आडवी. कढीपत्ता वाचला, माझी अब्रू गेली. कारण नरेंद्रभाऊंनी लगेच माझ्या मुलीला, उपासनाला, फोन लावला.

उपासना विमानाने जावं लागतं इतक्या लांबच्या गावी, कॅरीला असते. तिने तिकडे माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आणि इथलं घर विकायला एजंटही गाठला. पोरीची माया खरी, पण माया उतू जायला लागली की हिला पुढचं काही दिसत नाही. हे घर मी आणि माझ्या यजमानांनी, दादारावांनी, हौसेने घेतलं. ते गेल्यावर मी एकटीने सांभाळलं. इथे माझी सकाळची बुद्धवंदना आहे, बाग आहे, मैत्रिणी आहेत. मी हटून बसले. शेवटी असं ठरलं, की कुणाचाही हात न धरता मी जमिनीवरून उठून दाखवायचं. जमलं तर इथेच राहायचं, नाही तर कॅरी.

मग मी फिजिओथेरपीला जायला लागले. तिथली मुलगी एकच धडा घोकून घ्यायची. घाबरून धडपडायचं नाही. कुशीवर वळायचं, ओणवं व्हायचं, रांगत खुर्ची गाठायची आणि एक पाय पुढे रोवून उठायचं. या वयात रांगायला शिकले, आणि काय सांगू, भारी मजा आली.

आज उपासना विमानतळावरून थेट घरी आली. मी दिवाणखान्यात गालिच्यावर आडवी झाले. कुशीवर वळले, रांगले, खुर्ची धरली. पाय रोवला आणि तो सटकला. मी परत गुडघ्यांवर आले. उपासना धावत येऊन शेजारी बसली आणि माझ्या काखेत हात घालायला लागली.

"हात लावशील तर बघ," मी म्हणाले.

या वेळी पाय नीट रोवला. श्वास घेतला, जोर दिला आणि उभी राहिले. माझ्या घरात, माझ्या पायांवर! मला नाचावंसं वाटलं. वळून बघते तर पोरगी अजून खालीच. दिवसभर कम्प्युटरपुढे, उरलेला वेळ गाडीत. कंबर धरून बसली होती.

"आई, आय ॲम स्टक. हात दे ना."

हात देणं सोपं होतं. मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"आधी ओणवी हो. घाबरायचं नाही."

उठली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "एजंटला कॅन्सल करते. पण हे मला रोज व्हिडिओवर शिकवायचं."

मी चहा केला आणि मुद्दाम जमिनीवर बसून प्यायले. तिने मात्र खुर्ची घेतली.