म्हाताऱ्याचा त्रास

शाळांच्या विद्यार्थी-अदलाबदलीत वर्षभरासाठी परदेशी आलेल्या त्या मुलीला घरातले सगळे ‘पाहुणी’च म्हणायचे. तिचं खरं नाव त्यांच्या जिभेला वळत नव्हतं, आणि वळवावं असं कुणाला वाटलंही नाही. घर अंड्यांच्या धंद्यातलं. मागे कोंबड्यांची लांबलचक शेड, पुढच्या अंगणात राखणीला पाळलेले राजहंस. राजहंस म्हणजे शांत, देखणा पक्षी, एवढंच तिला चित्रांवरून ठाऊक. पहिल्याच सकाळी ती कौतुकाने जवळ गेली, तर ते माना जमिनीलगत ताणून फिसकारत अंगावर आले. एकाने मांडीचा असा चावा घेतला की तिची बोबडीच वळली. तिच्याच वयाची घरची मुलगी खिडकीतून मोबाइलवर ते टिपत होती. शेजारी तिची आई हसून हसून बेजार झाली होती.

मध्ये पडला तो म्हातारा. म्हातारा म्हणजे घरचा कुत्रा. एक कान फाटलेला, मागचा पाय ओढत चालणारा. तो नुसता येऊन तिच्यापुढे उभा राहिला आणि राजहंस कुरकुरत मागे सरले. त्या दिवसापासून तो तिच्या दाराबाहेर झोपू लागला.

पाहुणीच्या आईने फोनवर बजावलं होतं, परक्याच्या घरात डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर ठेवायची, त्या बाईंना मावशी म्हणायचं. पाहुणीने मनातल्या मनात तसं म्हणायला सुरुवात केली. मावशीला वाईट म्हणायला जागा नव्हती. जेवण वेळेवर, अंथरूण स्वच्छ. पण एक कोंबडी स्वतःचंच अंडं फोडून खाताना पाहुणीला दिसली, तिने भाबडेपणाने ते मावशीला सांगितलं, आणि मावशीने तिच्याशी बोलता बोलता त्या कोंबडीची मान पिरगाळली. हिला एकदा चटक लागली की सुटत नाही, म्हणाली.

शाळेआधी दोघी मुली अंडी तपासायला बसत. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर एकेक अंडं धरायचं, आत रक्ताचा ठिपका दिसला तर वेगळं काढायचं. म्हातारा पाहुणीच्या पावलावर हनुवटी टेकून पडलेला असे. घरच्या मुलीने हाक मारली तर शेपूट एकदा आपटे, पण उठत नसे. लहानपणी तो हिच्याच पलंगाखाली झोपायचा. पुढे त्याच्या अंगाला वास येतो म्हणून हिनेच त्याला खोलीबाहेर काढलं होतं. पण आपण टाकलेलं दुसऱ्याने उचललं की जीव जळतोच.

एका संध्याकाळी घरच्या मुलीने त्याचा पट्टा धरून त्याला आपल्या खोलीकडे ओढलं. दुखरा पाय फरशीवर घासला तसा तो गुरगुरला. जेवताना तिने तो अंगावर आल्याचं सांगितलं. काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ताटातून मान वर केली आणि परत खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मावशी पाहुणीला सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “आज त्याला डॉक्टरकडे नेऊ. त्याचा त्रास संपवू. तू चल, तुझं ऐकतो तो.”

पाहुणीला सगळे शब्द कळले, म्हणून तिला आनंद झाला. भाषा येऊ लागली होती, आणि पायावर इलाजही होणार होता. तिने म्हाताऱ्याला ओल्या फडक्याने पुसलं, गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्यात मावशी दाराशीच थांबली. घरची मुलगी गाडीतून उतरलीच नाही. डॉक्टरांनी पाहुणीला त्याचं डोकं धरायला सांगितलं आणि विचारलं, “तयार?” तिने हसून हो म्हटलं. सुई टोचली तेव्हाही त्याने तिचं मनगट चाटलं. तिला वाटलं गुंगी आली. डॉक्टर त्याचा पट्टा सोडवून तिच्या हातात देऊ लागले, तेव्हा तिला कळलं.

ती रिकामा पट्टा घेऊन गाडीपाशी आली. घरच्या मुलीने काच खाली केली. डोळे लाल होते तिचे, पण आवाज अगदी शांत.

“त्याला तूच हवी होतीस ना? मग तुझ्याच हातून गेला.”

काकांनी शेडमध्ये टोपल्या उचलता उचलता पाहुणीला हळूच सांगितलं की अजून दोन हिवाळे त्याने सहज काढले असते. आधी का बोलला नाहीत, हे विचारण्याइतकी भाषा तिच्याकडे होती. पण तिने पुढची टोपली उचलली. रात्री आईला फोनवर ती रडत रडत म्हणाली, मला घरी यायचंय. आई म्हणाली की एका कुत्र्यापायी वर्ष वाया घालवायचं नसतं, आणि त्यांचा कुत्रा, काय करायचं ते त्यांचं ते बघतील.

आठवडा उलटायच्या आत घरात कुत्र्याचं नवं पिल्लू आलं. पाहुणीने त्याला हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, असं मावशीने सगळ्यांसमोर सांगितलं. तिने मान डोलावली. पण पिल्लाला हे कोण सांगणार? अंडी तपासताना ते धडपडत आलं आणि तिच्या पायाशी लोळू लागलं. समोर दिव्याच्या उजेडात घरच्या मुलीचा चेहरा ताठ झालेला तिने पाहिला.

पाहुणीने पिल्लाला लाथ मारली. हलकी नाही, चांगली जोरात. ते केकाटत टोपल्यांवर आपटलं आणि लंगडत घरच्या मुलीकडे पळालं. तिने त्याला उचलून छातीशी धरलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच पाहुणीकडे पाहून ती हसली. मग पायाने आपल्या बाजूचं स्टूल तिच्याकडे सरकवलं, बस म्हणाली.

पाहुणी जाऊन बसली.