जांभईचा हात

“हं, आता कोपर दुमडा,” म्हणत बाईंनी पेंटरांचा डावा हात उशीवर ठेवला आणि दंडावर स्वतःची बोटं टेकवली. आत काही हलतंय का, ते त्या चाचपत राहिल्या. दंड नुसता मऊ लागला.

“पुढचा स्नायू आकसतो तेव्हा मागचा सैल सुटतो. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सोडायचं. अवघड काय आहे त्यात?”

“आपल्या संसारात दोघंही ओढत आलो,” पेंटर म्हणाले. “तरी गाडा इथवर आलाच की.”

बाईंनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. नवरा मात्र त्यांचा सगळ्यात ढ विद्यार्थी. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पेंटरांची जीभ पूर्वीसारखीच चालत होती, पाय काठीच्या आधारानं का होईना, घरभर फिरत होते. हात तेवढा रुसून बसला होता. आणि पेंटर डावखुरे. बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांवरच्या पाट्या त्या हाताच्या. हल्ली ते कोपऱ्यातले ब्रश कुणाला तरी देऊन टाका म्हणत होते. बाईंना त्या बोलण्याची फार भीती वाटायची.

एका दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या पेंटरांनी मोठी जांभई दिली. नेहमीसारखं डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याबरोबर मांडीवरचा डावा हात आपसूक छातीपर्यंत उठला. जांभई संपली तसा खाली पडला. बाईंनी धुतलेली कपबशी तशीच ओट्यावर टाकून फोन गाठला.

“होतं असं कधी कधी,” व्यायाम शिकवायला येणारी थेरपिस्ट दुसऱ्या दिवशी म्हणाली. “जांभईचा हुकूम मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतो. त्यांनी स्वतः उचललेला नाही तो. लगेच फार आशा धरू नका.”

“म्हणजे स्नायू ऐच्छिक, पण उचलणं अनैच्छिक,” बाई पुटपुटल्या.

“ऐच्छिक म्हणजे परीक्षेत ऑप्शनला टाकतात तेच ना?” पेंटरांनी विचारलं. “मग टाका मलाही ऑप्शनला.”

बाईंना हसू आलं नाही.

पण त्या दिवसापासून संध्याकाळी पेंटरांच्या समोर बसून त्या मुद्दाम जांभया द्यायला लागल्या. जांभई एकाची दुसऱ्याला लागते. त्यांची पाहून पेंटरांना यायची, डोळे पाणावायचे आणि हात उठायचा. तेवढं पाहायला मिळावं म्हणून बाई जबडा दुखेपर्यंत आ वासायच्या.

“एवढी झोप येते तर पडा की जरा,” पेंटर म्हणायचे.

“येत नाहीये झोप,” म्हणून बाई विषय बदलायच्या.

रविवारी बाईंचे दादा आले. दादा एकदा बसले की उठायचं नाव घेत नसत. आपल्या घरच्या गळक्या नळाची हकिगत त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवातीपासून सांगायला घेतली. पूर्वी अशा वेळी पेंटरांचा ठरलेला उपाय असे. लांबलचक, आवाजी, खोटी जांभई. त्यावरून नवरा-बायकोत कैक वेळा वाजलंही होतं.

पेंटरांनी आ वासला. घरभर ऐकू जाईल असा आवाज काढला. डावा हात मांडीवरून उठला, छातीशी आला, तिथं थरथरत क्षणभर थांबला आणि उघड्या तोंडाकडे आणखी थोडा सरकला.

बाईंनी हात पाहिला. मग डोळे पाहिले. डोळे ठणठणीत कोरडे होते.

“दमलेत वाटतं,” दादा चपला शोधत म्हणाले. “निघू का मी?”

“हो दादा, या तुम्ही,” बाई म्हणाल्या. सख्ख्या भावाला त्यांनी असं आजवर कधी वाटेला लावलं नव्हतं.

दार लावून त्या परत आल्या आणि पेंटरांच्या समोर बसल्या.

“लबाड आहात,” त्या म्हणाल्या. “जांभई खोटी होती, म्हणजे हात तुम्हीच उचललात.” “आता तीच जांभई तोंड मिटून द्या बघू.”

पेंटरांनी तोंड मिटलं आणि आपल्या हाताकडे पाहिलं.