बेंबीतलं तेल

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा खालचा ओठ मधोमध फाटला आणि तिनं पाणी पिणं सोडलं. भांडं ओठाला लागलं की झोंबायचं. ती मान फिरवायची, ओठ आत ओढून घट्ट मिटायची आणि मग तेच ओठ चाटत राहायची. चाटल्यानं ओठ अधिक कोरडे पडतात, हे दोन वर्षांपूर्वी मी तिला समजावू शकले असते. आता मी कोण हेही तिला रोज कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. "दिवसाला एक लिटर पोटात गेलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "सातशेच्या खाली राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि या अवस्थेत नळी घातली की बहुधा ती निघत नाही."

शेजारच्या आप्पाजींना शेवटी तशीच नळी घातली होती. त्यांना बघून आली त्या दिवशी आई स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच म्हणाली होती, "मला असलं काही घालू द्यायचं नाही. सरी?"

"सरी," मी म्हटलं होतं. इथं राहून 'बरं'साठी आमच्या तोंडी हाच कन्नड शब्द बसला होता.

मी फ्रिजवर कागद चिकटवला आणि दिवसाचं पाणी मिलिलिटरमध्ये लिहायला लागले. पहिल्या दिवशी ४१०.

सव्वीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. ओठांसाठी काहीतरी करणं मला अवघड वाटलं नाही. आधी मध लावून पाहिला. गोड लागल्यामुळे तिचं चाटणं दुप्पट झालं. कोरफडीचा गर कडू, तो तिनं थुंकून टाकला. साय तासाभरात आंबूस वास मारायला लागली. मग मलम करायचं ठरवलं. मधमाश्यांचं मेण एक भाग, खोबरेल तीन भाग, तूप एक भाग. चिकपेटेच्या बाजारातून आणलेलं मेण साठ अंशांच्या आतच वितळलं, म्हणजे त्यात भेसळ होती. दुसरं कोडगूहून मागवलं. ते त्रेसष्टला वितळलं. मलम चांगलं जमलं. माझ्या स्वतःच्या ओठावर ते दोन तास टिकलं.

पण ते लावायला ओठाला हात लावावा लागतो, आणि आई ओठाला हात लावू देत नव्हती.

गंगव्वा आईला सांभाळायला दिवसभर असायची. बेळगावकडची, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारी. ती म्हणाली, "अक्का, बेंबीत तेल घाला की. ओठ फुटले की आमच्यात तसंच करतात."

"आमच्यातही," मी म्हटलं.

लहानपणी थंडीत दर रविवारी, न्हाणं झालं की, आई मला आडवं करून बेंबीत एरंडेलाचा एक थेंब सोडायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तिला विचारलं होतं, "बेंबीतून ओठांकडे जायला रस्ता कुठे आहे, दाखव."

"असतो. तुझ्या पुस्तकात नसेल."

"मग कुणाच्या पुस्तकात आहे?"

"शहाणी झालीस," ती म्हणाली आणि वाटी उचलून आत गेली. पुढच्या रविवारी तिनं ती बाहेर आणली नाही. मीही मागितली नाही.

गंगव्वानं एरंडेल कोमट करून आणलं. वास आला तशी आईची मान आमच्याकडे वळली. ती आपणहून उताणी झाली आणि अंगातला सैल झंपर तिनं स्वतःच्या हातानं वर सरकवला. मी थेंब सोडला. तिचा चेहरा सैल पडला, तोंड थोडं उघडलं.

"अक्का, ऊन ऊन आहे गं," ती म्हणाली. तिला मी तिची थोरली बहीण वाटले असेन. चार दिवसांत तिचं ते पहिलं वाक्य होतं.

उजव्या हाताचं बोट बेंबीभोवती फिरवत ठेवून मी डाव्या हातानं मलम तिच्या ओठावर लावून टाकलं. तिच्या लक्षात आलं नाही.

मग सकाळ-संध्याकाळ तेच. कागदावर ५२०, ६१०, ७३० असे आकडे चढले. भेगेच्या कडा जुळायला लागल्या.

"बघा, बेंबीचं काम," गंगव्वा म्हणाली.

"मलमाचं काम आहे, गंगव्वा."

"आणि मलम लावू कुणी दिलं, अक्का? बेंबीनंच की."



बाराव्या दिवशी आईनं माझं डावं मनगट धरलं. बोट ओठापासून इंचभर लांब होतं. तिनं आधी बोटावरचं मलम पाहिलं, मग माझा दुसरा हात, मग मला. त्या क्षणी तिनं मला ओळखलं, याबद्दल मला शंका नाही.

"फसवतेस मला," ती म्हणाली.

तिनं झंपर खाली ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी तेलाची वाटी पाहताच तिनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. दुसऱ्या दिवशी गंगव्वा एकटीच वाटी घेऊन गेली, तिलाही घालू दिलं नाही. नुसतं तेल घालून मी थांबले असते तर ओठ बरा झाला नसता. पण निदान मला ते घालू तरी दिलं असतं. ६४०. ४८०. ३००. भेग पुन्हा उघडली, लाळेत रक्ताची रेघ दिसायला लागली. १९०.

रक्ततपासणी झाली. अंगातलं पाणी कमी पडून सोडियम फार वाढलं होतं. फेब्रुवारीच्या चार तारखेला नळी घातली. संमतीच्या कागदावर सही माझी.

आता दिवसाला एक लिटर बरोबर जातं. कागदावर रोज तोच आकडा यायला लागला, म्हणून मी तो काढून टाकला. मलम मी दिवसातून चार वेळा लावते. ती ओठ मिटत नाही, मान फिरवत नाही, चाटतही नाही. नवव्या दिवशी भेग पूर्ण भरली. व्रणसुद्धा राहिला नाही.

"किती छान झाले ओठ," गंगव्वा म्हणाली. "लहान पोरीसारखे."

त्या रविवारी अंग पुसून झाल्यावर मी एरंडेल कोमट केलं. वाटी नाकाजवळ धरली. तिनं मान वळवली नाही. मी तिचा झंपर वर केला आणि एक थेंब सोडला. डावा हात, तिला दिसेल असा, पलंगाच्या कडेवर उघडा ठेवला. ती छताकडे बघत राहिली. थेंब सोडला तिथेच होता. बऱ्याच वेळानं मी तो कापसानं टिपून घेतला.