दोन मापांचा गाऊन

माझं लग्न दीड तास टिकलं. तसं ते अजून चालूच आहे, नवरा मागे वाडीत केळीला पाणी लावतोय. मी म्हणते ते पांढऱ्या गाऊनमधलं लग्न. तेवढं दीड तासाचं.

एकोणऐंशी सालची गोष्ट. वसईच्या आमच्या भुईगावात तेव्हा पांढऱ्या गाऊनचं वारं शिरलं होतं. आमच्या आया लाल लुगड्यात लग्नाला उभ्या राहिल्या होत्या, आणि बाबांचं म्हणणं, त्यात वाईट काय झालं? "तुझी आई लाल नेसली म्हणून काय तिचा संसार मोडला?" आई चुलीपुढून माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिच्याकडून काही मदत मिळायची नाही हे मी ओळखलं.

मी दिसायला बेताची. बेताची म्हणजे लोक माझ्याशी बोलताना माझ्या मागच्या माणसाकडे बघायचे, इतकी. म्हणून मला एकच हवं होतं. लग्न लागलं की देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, सासरपर्यंत, आमच्या आळीतून, बँडच्या मागून पांढऱ्या गाऊनमध्ये चालत जायचं. ओट्याओट्यावर माणसं उभी राहतील आणि एकदा तरी मला बघतील. हसायचं तर हसा. मी त्या चालण्याची स्वप्नं तिन्हीत्रिकाळ बघत होते.

इझाबेल माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोन घरं सोडून राहायची. तिचंही लग्न ठरलेलं, आणि तेही त्याच रविवारी. त्याला कारण होतं. त्यानंतरच्या बुधवारी राखेचा बुधवार, तिथून उपासाचा काळ, मग ईस्टरपर्यंत देवळात लग्नं बंद. त्यामुळे दर वर्षी त्या पंधरवड्यात साऱ्या गावाला लग्नाची घाई. आम्ही दोघी वांद्र्याला जाऊन भाड्याचे गाऊन बघून आलो. चांगले सगळे आधीच ठरवून ठेवलेले. उरला होता त्याच्या काखा पिवळ्या पडलेल्या, आणि त्याचंही भाडं असं, की बाबांना सांगायची माझी छाती झाली नाही.

येताना इझाबेल म्हणाली, "दोघींत एक शिवून घेऊ."

"डोकं फिरलं का तुझं? एकाच दिवशी लग्न आहे आपलं."

"दिवस एक, पण लग्नाच्या मिस्सा दोन. तुझी सातची, माझी साडेनवाची. दोघींना पुरतो बघ."

आता इझाबेल अंगानं भरलेली, आणि मी शेवग्याची शेंग. पण गिरीजचे सेबॅस्टियन मास्तर शिंपी होते, बोलण्यात कडू आणि हातानं गोड. त्यांनी दोघींची मापं घेतली. "पक्की शिवण इझाबेलच्या मापाची. तिच्या आतून हेलनसाठी कच्चा धागा घालतो. हेलनचं लग्न लागलं की आमची लेक हिल्डा देवळातच धागे ओढून काढील. धागा ओढायला पाच मिनिटं लागतात पोरींनो, घालायला अर्धा दिवस. सातची मिस्सा बारकीची आहे ते देवाचीच कृपा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फक्त जोरात श्वास घेऊ नकोस."

आम्ही हसत घरी आलो. गाऊन देवळातच उतरवायचा म्हणजे आळीतून त्यात चालता येणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मास्तरांनी कापड कापलेलं होतं. मी वाडीत केळीच्या आडोशाला जाऊन रडले. कुणाला सांगणार? अर्धा तरी मिळतोय ना, असंच सगळे म्हणाले असते.

लग्नाच्या सकाळी मी आरशात बघितलं आणि खरं सांगते, मीच मला ओळखलं नाही. नवरदेव आग्नेल वेदीपाशी उभा होता, त्यानं वळून बघितलं ते बघतच राहिला. फादरांचं प्रवचन लांबलं. लांबू दे, असं मनात म्हणणारी देवळात मी एकटीच असेन.

रजिस्टरवर सह्या झाल्या. आग्नेलला माझी हौस ठाऊक होती. तो कानाशी येऊन म्हणाला, "अशीच चल. बँडवाले दारात उभे आहेत. घरी पोचलो की गाऊन लगेच परत पाठवू."

साडेआठ वाजून गेले होते. बँडबरोबर चालत घरी जायचं, तिथं ओवाळणं, मग उतरवणं, मग परत धाडणं. साडेनऊला गाऊन काही पोचत नव्हता. मोठा दरवाजा सताड उघडा होता. मी त्या दिशेनं तीन पावलं टाकली.

मग बाजूच्या दारात इझाबेल दिसली. डोक्यावर फुलांचा मुकुट, चेहऱ्याला पावडर, आणि अंगात घरातला विटका झगा. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते आणि गेलेच असते.

मी वळले. बाजूच्या खोलीत हिल्डानं माझ्या अंगावरच धागे ओढले. गाऊन सैल पडत गेला आणि बघता बघता माझा राहिला नाही. मी आईनं आणलेली लाल साडी नेसून आळीतून गेले. "लाल शोभतं हो," म्हणत बायका पुन्हा कामाला लागल्या. बाबा तेवढे खूश होते. उन्हं चढल्यावर बँड वाजत इझाबेल निघाली, तेव्हा सगळी आळी बाहेर आली. मीसुद्धा सासरच्या ओट्यावर उभी राहिले आणि बघितलं.

तिच्या घरात तिचा त्या गाऊनमधला फोटो अजून भिंतीवर आहे. चाळीसहून जास्त वर्षं मी तिच्याकडे गेले की आधी त्याच्याकडे बघायची. गेल्या मे महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून भेटायला गेले आणि तोंडून निघून गेलं. "इझाबेल, मला त्या दिवशी त्या गाऊनमध्ये आळीतून जायचं होतं गं."

"ठाऊक आहे. तुझी तीन पावलं बघितली मी."

तिनं फोटोकडे बघितलं.

"तुला कोरा मिळाला, हेलन. मी घातला तेव्हा पाठ तुझ्या घामानं ओली होती. सगळी आळी माझ्याकडे बघत होती, आणि मला एकच वाटत होतं, हेलननं उतरवलेला घालून चाललेय. आजही त्या फोटोत मला तूच दिसतेस. किती हेवा केला तुझा."

मी तिचा हात धरून बसले. मला तिचा राग आला, माझा आला, सेबॅस्टियन मास्तरांचाही आला. इतकी वर्षं मला वाटत होतं, मला पुरता मिळाला नाही तो गाऊन निदान तिला तरी मिळाला.