सुट्टीला कोण थांबणार?

वर्षाची मोठी सुट्टी जवळ आली की ऑफिस असो, कारखाना असो नाहीतर दुकान, एकाच प्रश्नावरून सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. सुट्टीला कामावर कोण थांबणार? त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात मात्र हा प्रश्न कधी पडतच नसे. तिथं ठरलेलं होतं, नव्यानं थांबायचं. आजारी माणसांच्या चादरी काही सुट्टी घेत नाहीत, म्हणून नऊ जणांतल्या एकाला थांबणं भागच होतं, आणि तो एक म्हणजे सगळ्यात शेवटी लागलेला. पद्धतच होती तशी.

गेली सात वर्षं हा मान धाकटीकडे होता. वय बेचाळीस, निम्मे केस पांढरे, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण तिच्यानंतर नवीन माणूस लागलाच नव्हता. सात सुट्ट्या तिनं ड्रममधून ओल्या चादरींचे पिळे ओढण्यात घालवल्या. पाचव्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली होती. धाकटी मुकादमबाईंपुढे हात जोडून उभी राहिली, "बाई, एवढं एक वर्ष सोडा हो!" बाईंनी रजिस्टरातून मानही वर केली नाही. म्हणाल्या, "पद्धत आहे." सुट्टीच्या दिवशी आई दुपारपर्यंत धाकटीच्या भावाला विचारत राहिली, "आली का रे ती?" मग तिची शुद्ध हरपली, आणि चार दिवसांनी आई गेली. तेव्हापासून धाकटीच्या मनात एकच गोष्ट धगधगत होती. येऊ दे कुणीतरी नवं! एकदा येऊ दे, मग बघतेच!

आणि यंदा नवी आली. हाताला चलाख, बोलायला गोड, पहिल्या दिवसापासून "ताई, ताई" करत मागे मागे. ऑपरेशनचे हिरवे कपडे वेगळे भिजवायचे, चादर झटकण्याआधी तिच्यात सुई राहिलीय का ते बघायचं, गरम रोलरपाशी बाह्या वर सारायच्या, सगळं धाकटीनं तिला जीव लावून शिकवलं. शिकवायलाच हवं होतं. सुट्टीला एकटीनं उरकता यायला नको का?

भिंतीवर यादी लागली. सुट्टीच्या दिवसापुढे नवीचं नाव होतं. दुपारी ती हळूच घड्यांच्या टेबलापाशी आली.

"ताई, माझा नवरा बोटीवर कामाला आहे. बोट वर्षातून एकदा बंदराला लागते, ती नेमकी त्याच दिवशी. मुलांना घेऊन मी तिथं जाते. धाकट्यानं तर बापाला अजून पाहिलंही नाही. यंदा तेवढं बदलून द्याल? पुढं कुणी नवं लागलं तरी दोन वर्षं मीच थांबते, अगदी शब्द देते."

धाकटीनं हातातल्या अभ्र्याची घडी नीट पूर्ण केली. हा क्षण तिनं किती वेळा मनात घोळवला होता! मुकादमबाईंच्याच सुरात ती म्हणाली, "पद्धत आहे."

काय गार वाटलं तिला! नवी गठ्ठ्याआड तोंड लपवून रडायला लागली, तरी हिला पाझर फुटला नाही. माझ्यासाठी कोण रडलं होतं?

पलीकडे इस्त्रीकाका हे सगळं ऐकत होते. धुलाईखान्यातले ते सगळ्यात जुने. चहाच्या वेळी कप घेऊन ते धाकटीसमोर येऊन बसले.

"झालं समाधान?"

"का होऊ नये? मी सात वर्षं भोगलंय."

"मग सूड कुणावर उगवतेस? जिनं तुझं काही वाकडं केलं नाही तिच्यावर?"

"तिच्यावर नाहीतर कुणावर? पद्धतीला काय थोबाड असतं फोडायला?"

"असतं," काका म्हणाले. कप त्यांनी खाली ठेवला. "हे बघ, समोरच आहे. ही पद्धत मी पाडली."

"तुम्ही? कधी?" धाकटी म्हणाली.

"एकतीस वर्षं झाली. मी नुकता लागलो होतो. थोरल्या भावाशी कडाक्याचं भांडण झालेलं. घरात पाऊल ठेवू नकोस म्हणाला. सुट्टीला जायचं कुठं? मी म्हटलं, थांबतो. सगळे विचारायला लागले, का रे बाबा? खरं सांगायची लाज वाटली. मग दिली एक थाप ठोकून, आमच्या जुन्या ठिकाणी नव्यानंच थांबायची पद्धत होती म्हणून. पुढच्या वर्षी एक नवा पोऱ्या लागला. सगळे त्याला म्हणाले, आपल्याकडे नव्यानं थांबायचं असतं! तोवर माझा भाऊ बोलायला लागला होता. मलाही घरी जायचं होतं. मी गप्प बसलो."

"गप्प बसलात?" धाकटी ताडकन उठली. "माझी आई जाताना माझी वाट बघत होती! तुमच्या एका थापेपायी! आणि मी बाईंपुढे हात जोडले तेव्हा तुम्ही इथंच इस्त्री फिरवत होतात!"

"होतो. तुला सांगायचं धाडस झालं नाही. माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, मी चूं करणार नाही. पण त्या पोरीवर काढलास, तर दहा वर्षांनी ती आणखी कुणावर काढेल. तेव्हा सांगायला मीही नसेन."

धाकटीनं काकांची बाही धरली आणि त्यांना ओढतच सगळ्यांच्या मधोमध नेऊन उभं केलं. "सांगा! मला सांगितलंत तसंच्या तसं सांगा सगळ्यांना!"

काकांनी खाली मान घालून सांगितलं. शेवटी मुकादमबाई म्हणाल्या, "अगं, पण इतकी वर्षं चालत आलंय..."

"इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही, बाई! मी सुद्धा नाही!" धाकटीनं भिंतीवरची यादी टराटरा फाडली. "आता सूड घेणार तो या पद्धतीवर. यंदापासून जुन्यानं थांबायचं. यंदा काका, पुढच्या वर्षी बाई तुम्ही, मग तुमच्यामागून लागलेले एकेक जण. आठवं वर्ष माझं. ही सगळ्यात शेवटी!"

"थांबतो मी," काका लगेच म्हणाले, तेव्हा मुकादमबाईंनाही नवी यादी लिहावीच लागली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. धाकटीनं तो डोळे भरून बघून घेतला. मग ती नवीकडे वळली. "जा, बाई. मुलांना त्यांचा बाप दाखव. मघाशी मी बोलले ते फार वाईट बोलले."

काकांना तिनं माफ केलं का? नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी चादरींचा डोंगर त्यांच्यापुढे रचून ती म्हणाली, "भोगा!" काकांनी मुकाट्यानं बाह्या वर सारल्या. दुसऱ्या दिवशी धाकटी भावाकडे गेली. त्यानं दार उघडलं, म्हणाला, "यंदा आलीस!" आणि उंबऱ्यातच तिला रडू कोसळलं, कारण हे वाक्य ज्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं ते माणूस आता घरात नव्हतं.

वाचकहो, तुमच्याही घरात, ऑफिसात अशी एखादी पद्धत असेलच. आपण भोगलं म्हणून पुढच्यालाही भोगायला लावण्याआधी एकदा विचारा, ही पाडली कुणी, आणि कशासाठी? कदाचित तिच्या मुळाशी एका लाजलेल्या माणसाची साधी थाप असेल. ज्याला सूड घ्यायचाच आहे, त्यानं अशी पद्धत मोडून घ्यावा. आणि वेळेवर घ्यावा. धाकटीला तीन वर्षं उशीर झाला.