साच्यावरची काजळी

मित्रांनो, नवापूरला एकनाथच्या ओटीवर, खिळ्याला एक जुना लोखंडी साचा टांगलेला असतो. तो मी. सांडशीसारखे दोन दांडे, पुढे लोखंडाचे दोन जाड ठोकळे आणि ठोकळ्यांच्या आत अर्ध्या अर्ध्या खाचा. ठोकळे मिटायचे, वरून वितळलेलं शिसं ओतायचं आणि निवलं की उघडायचं. मग माझ्यातून शिशाचे मणी बाहेर पडतात. ते जाळ्याच्या खालच्या दोरात ओवतात. त्यांच्या वजनानं जाळं पाण्यात उभं राहतं.

बोईसरच्या एका लेथवाल्यानं मला उरल्यासुरल्या लोखंडातून बनवलं. घरी आणलं एकनाथनं, पण मला वापरलं त्याच्या बायकोनं, सुगंधानं.

सुगंधा बोईसरला पावडर कोटिंगच्या एका लहान कारखान्यात कामाला जायची. तिथे लोखंडी जाळ्या आणि कपाटांचे दरवाजे रंगवायला येत. हा रंग ओला नसतो. कोरडी भुकटी मालावर चिकटवतात आणि माल भट्टीत तापवतात. भुकटी वितळून पसरते आणि सालीसारखी घट्ट बसते. ते बघून तिला वाटलं, आपल्या शिशाला हे का नको? उघडं शिसं हाताला काळं लागतं आणि ते विषारी असतं. एकनाथ जाळं आवरायचा आणि त्याच हातानं भाकर मोडायचा.

"हात धुवा आधी. शिसं खाताय का भाकर?" ती म्हणायची.

"माझा बाप असाच खाऊन म्हातारा झाला."

"म्हणून तर कुणाचं ऐकायचा नाय. तुमी पण त्याच वाटेला."

कारखाना बंद झाला तेव्हा उरलेली भुकटी कामगारांनी वाटून घेतली. सुगंधानं एक डबा पिवळी भुकटी आणली. भंगारातून एक जुना ओव्हन आणून ओटीवर मांडला आणि घरात बजावलं, याच्यात खायचं काही ठेवायचं नाय.

शिसं ओतण्याआधी ती मला चिमणीवर धरायची. चिमणी म्हणजे पत्र्याचा लहानसा दिवा. ती त्यात बोटीचं डिझेल घालायची, त्यामुळे काळा धूर निघायचा. माझ्या खाचांवर काजळी बसायची. काजळी असली की मणी अलगद सुटतो आणि गुळगुळीत निघतो. तिची बोटं मात्र काळी व्हायची. एकनाथ विचारायचा, "एवढं काजळ घेऊन कुणाला नटवायला निघालीस?"

"साच्याला. तुमच्यापेक्षा तो माझं ऐकतो." त्याला ती थट्टाच वाटायची.

मग ती मणी पुसून डब्यात भुकटीबरोबर घालायची, झाकण लावून खूप हलवायची आणि पिवळे झालेले मणी ओव्हनमध्ये ठेवायची. निवल्यावर एक मणी पाट्यावर ठेवून त्याच्यावर हातोडा घालायची. मणी चपटा व्हायचा. त्याच्याबरोबर रंगही चपटा झाला, कुठे उडाला नाही, म्हणजे काम पक्कं. मग ती हाक मारायची, "अवो, इकडं बघा." एकनाथ जिथं असेल तिथून येऊन बघायचा. मित्रांनो, माझे चांगले दिवस ते.

नव्या जाळ्याचा दोर अर्धा ओवून झाला आणि सुगंधा तापानं पडली. बोईसरच्या दवाखान्यात नेली. तिथून ती चालत आली नाही.

दिवसकार्य झाल्यावर एकनाथनं घर आवरायला काढलं. मोडक्या डब्यांबरोबर ती चिमणीही भंगारवाल्याकडे गेली. मग त्यानं मला खिळ्यावरून काढलं. मी आतून बाहेरून काळा होतो. "हिच्या वस्तूवर मळ नको," असं म्हणून त्यानं मला वाळूनं घासलं, तारेच्या ब्रशनं घासलं. लोखंडाची चमक दिसेपर्यंत तो थांबला नाही. मग त्यानं मला खोबरेल चोळलं. बोटीवरच्या माणसाची ही सवयच असते. खारा वारा लोखंड खातो, म्हणून लोखंडाची वस्तू दिसली की तिला तेल. आजाऱ्याला चोळावं तसं तो मला चोळत होता. मला सगळं कळत होतं, पण लोखंडाला तोंड नसतं.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या. नारळी पुनवेनंतर त्या पुन्हा समुद्रात जाणार होत्या. सुगंधाचं जाळं तेव्हा बोटीवर असायलाच हवं, असं एकनाथनं मनाशी धरलं. त्यांची मुलगी जागृती केळव्याला दिलेली. ती भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तयार शिसं मिळतं बाजारात."

"अर्धा दोर तिचा आणि अर्धा बाजारचा? मला नाय जमणार."

त्यानं शिसं वितळवलं आणि माझ्यात ओतलं. मणी सुरकुतलेले निघाले. भुकटीत हलवले तर कुठे भुकटी बसली, कुठे बसलीच नाही. भाजल्यावर रंगाला फोड आले. हातोडा घातला तर अंड्याच्या टरफलासारखा रंग उडाला.

त्याला वाटलं, भुकटी दमट झाली. त्यानं ती उन्हं पडली तेव्हा ताटात पसरून वाळवली. तरी तेच. मग वाटलं, आच कमी पडते. आच वाढवली तर पिवळा रंग करपून तपकिरी झाला. मग वाटलं, आपल्या हाताला मासळीचं तेल आहे. साबणानं हात धुतले, हातमोजे घातले. तरी तेच. मणी धुवावेत हे मात्र त्याच्या मनात आलं नाही. आगीतून आलेल्या शिशाला कसला मळ? आणि दर वेळी ओतण्याआधी तो मला न चुकता तेल लावत होता. मणी सुटायला हवा ना. बिघडलेलं शिसं पुन्हा वितळत होतं, पण त्याच्यावर गेलेली भुकटी परत येत नव्हती. डब्याचा तळ दिसू लागला. तिच्या हातानं भरलेला तो एकच डबा होता.

एका सकाळी शेजारची येसूबाई सुके बोंबील घेऊन आली. तिनं खिळ्याकडे बघितलं.

"एकनाथा, साचा नवा घेतलास?"

"तोच हाय, वयनी. घासून ठेवलाय. रोज तेल लावतो."

"तेल?" येसूबाईनं टोपली खाली ठेवली. "अरे, ती याला तेलाचं बोट लागू द्यायची नाय. तेल मण्याला लागतं, मग रंग धरत नाय, म्हणायची. मी एकदा मासळीच्या हातानं उचलला, तर माझी सासू पण कधी बोलली नसेल एवढी बोलली मला. चिमणी कुठं हाय तिची?"

"भंगारात गेली," एकनाथ म्हणाला. त्यानं मला हातात घेतलं. खाचांवरून बोट फिरवत म्हणाला, "मग ते काळं..."

"ती काजळी. तिनं धरलेली."

तो ओटीवर खाली बसला. "एवढ्या वरसांचं तिचं बसलेलं होतं, वयनी. मी वाळूनं घासून काढलं."

येसूबाई त्याच्याजवळ बसून राहिली. मग घरी जाऊन तिनं आपली चिमणी आणून दिली.

एकनाथनं मला विस्तवात तापवलं. तेल जळून गेलं. मग त्यानं मला चिमणीवर धरलं. मणी गुळगुळीत निघाले. उरलेल्या भुकटीत हलवले, तर ती सगळीकडून सारखी बसली. भाजून निवल्यावर त्यानं एक मणी पाट्यावर ठेवला आणि हातोडा घातला. मणी चपटा झाला. रंग कुठेही उडाला नाही.

"सुगंधा, इकडं बघ," त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

आतून कुणी आलं नाही. हाक मारल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तो हातोडा धरून तसाच उभा राहिला.

भुकटी दोराच्या टोकापर्यंत पुरली नाही. शेवटचे मणी उघडेच ओवावे लागले. तिच्या पिवळ्या अर्ध्यानंतर थोडा त्याचा पिवळा दोर आणि मग काळा. तेच जाळं पुनवेनंतर बोटीवर चढलं.

मित्रांनो, वस्तू जपा, असं सगळेच सांगतात. एकनाथनं मला जपलंच होतं. मी तुम्हाला एवढंच सांगतो, घरातलं माणूस काम करत असेल तर जवळ जाऊन बसा. ते काय करतं आणि का करतं ते विचारा. उत्तर देणारं माणूस घरात आहे तोवरच विचारा.

मी आता पुन्हा काळा झालो आहे. मला कुणी तेल लावत नाही. एकनाथ ओटीवर येतो, जाळं आवरतो, आणि भाकरीला बसण्याआधी साबणानं हात धुतो. आता त्याला कुणी सांगत नाही.