आंघोळीची टोपी

दारावर टकटक झाली तेव्हा काकूंच्या अध्यायाच्या सात ओव्या उरल्या होत्या आणि निरांजन तेलानं काठोकाठ भरलेलं होतं.

"आई, चला ना! बाई गाडी काढून खोळंबल्यात," बाहेरून सुनेचा आवाज आला. खाली अंगणातून यजमानीणबाई त्यांच्या भाषेत काहीतरी खणखणीत बोलल्या.

काकूंनी पलंगाकडे पाहिलं. काका दुपारची वामकुक्षी घेत होते. कानातलं यंत्र काढून बशीत ठेवलेलं होतं, म्हणजे आता डोक्यावर ढोल वाजवला तरी त्यांना पत्ता लागला नसता. काकूंनी घाईघाईनं पोथी कपाळाला लावली, निरांजन उचलून खिडकीच्या रुंद कट्ट्यावर ठेवलं आणि त्यापुढे पडदा ओढून घेतला. मग दार हातभर उघडलं आणि स्वतः बाहेर पडून लगेच लावून घेतलं.

"हे झोपलेत," त्या हळूच म्हणाल्या. "मी पण राहते गं. तुम्ही जा दोघी."

"अजिबात नाही. तळं बघून अर्ध्या तासात परत. तुमच्या लेकानं मला बजावलंय, आईला खोलीत बसू देऊ नकोस म्हणून."

लेकाला स्वतःला सुट्टी मिळाली नव्हती. आईवडील पहिल्यांदाच परदेशी आलेले, म्हणून त्यानं बायकोबरोबर त्यांना चार दिवस या खेड्यातल्या पाहुणघरात धाडलं होतं. नुसता आराम करा, म्हणाला होता. जागा खरंच छान होती. माळ्यावरची उतरत्या छपराची खोली, भिंती लाकडाच्या, जमीन लाकडाची, खिडकीबाहेर हिरवंगार कुरण. पण पहिल्याच दिवशी काकूंनी दिवा-उदबत्ती लावली आणि छताला लावलेलं धूर हेरणारं यंत्र असं किंचाळलं, की यजमानीणबाई पिठाच्या हातांनी दोन-दोन पायऱ्या चढत वर आल्या. पूर्ण घर लाकडाचं आहे, त्या सांगत होत्या, खोलीत आग म्हणून चालायची नाही. सुनेनं दहा वेळा माफी मागितली आणि वर शब्द दिला, आता दिवा लागणार नाही. काकूंनी मान हलवली होती. तोंडानं हो म्हटलं नव्हतं, एवढंच.

चाळीस वर्षांचा नेम होता तो, सासूबाईंकडून आलेला. रोज एक अध्याय, आणि वाचताना लावलेला दिवा आपल्या हातानं विझवायचा नाही. तो आपणहून शांत व्हायचा. दुसऱ्या दिवशी काकूंनी उदबत्ती सोडली, पण दिवा सोडवेना. न्हाणीघरात पाहुण्यांसाठी ठेवलेली आंघोळीची प्लास्टिकची टोपी त्यांनी खुर्चीवर चढून त्या यंत्राला घालून टाकली. रोज चमचाभर तेल घालायचं आणि दिवा शांत होईपर्यंत जवळ बसून राहायचं. आज मोठा अध्याय, म्हणून तेल काठोकाठ.

जिना उतरताना त्या मनात म्हणत होत्या, अर्धा तास तर आहे. दिवा कट्ट्यावर आहे, कट्टा तेवढा दगडी आहे.

गाडी कुरणाच्या कडेनं निघाली. यजमानीणबाईंनी आपल्या बाजूची काच खाली केली आणि गार वारा आत घुसला.

"आहाहा!" सून म्हणाली. "आई, घ्या मोकळा श्वास."

काकूंचा होता तो श्वासही अडकला. खिडकी. सकाळी काकांनी खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवली होती. ती आपण लावली का? नाही लावली. आणि तो पडदा कापसासारखा हलका, झुळूक आली की पोटासारखा फुगणारा.

त्यांनी जपाला सुरुवात केली. अकरा झाले, एकवीस झाले. देवा, तूच बघ रे बाबा. पण प्रत्येक नामागे तो पडदा फुगायचा. सांगावं तर सुनेचा शब्द खोटा पडणार, परक्या बाईसमोर तिची मान खाली जाणार. न सांगावं तर... पुढचं मनातही आणवेना.

"गाडी फिरवायला सांग," काकू म्हणाल्या.

"काय झालं? मळमळतंय का?"

"दिवा लावलाय गं मी. पडद्याआड. हे झोपलेत आत. आणि त्या यंत्राला मी टोपी घातलीय."

सुनेनं वळून पाहिलं. "टोपी?"

"आंघोळीची. आता मला काय बोलायचं ते घरी बोल, पण आधी हिला सांग!"

सुनेनं सांगितलं. यजमानीणबाईंनी ब्रेक दाबला. कच्चकन गाडी वळली. सुनेनं सासऱ्यांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, तरी तेच.

"घरात दुसरं कुणी आहे का, विचार."

"एकट्याच राहतात त्या, आई."

वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. मेंढ्या कसल्या, जावईबापूच त्या. हॉर्नला भीक घालत नव्हत्या. एरवी काकू पोट धरून हसल्या असत्या. आता पदराचं टोक त्यांनी दातांत घट्ट धरलं होतं.

अंगणातून खिडकी शांत दिसली. पण जिन्यावरच वास आला. जळक्या कापडाचा.

यजमानीणबाईंनी दार ढकललं. ते आतून लागलेलं होतं.

"मी नुसतं ओढून घेतलं होतं," काकू पुटपुटल्या. म्हणजे हे उठले होते. उठून, नेहमीच्या सवयीनं कडी लावून, पुन्हा... पुन्हा काय?

"बाबा! बाबा!" सून दारावर मुठी आपटत होती.

"ओरडून काय होणार? कान बशीत आहेत त्यांचे!" काकूंनी चपला भिरकावल्या, लुगड्याचा ओचा वर खोचला आणि त्या अडुसष्टाव्या वर्षी लाकडी जमिनीवर दोन्ही पायांनी धाडकन उडी मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या उडीला गुडघा कळवळला, तरी चौथी मारली.

कडी निघाली.

"भूकंप आहे की काय?" काका दारात उभे होते. सदरा ओला, हातात काकूंच्या पूजेचा तांब्या. "अगं, जरा डोळा उघडला तर पडद्याला खालून लागलेलं. ओतला तांब्या. म्हटलं, या बाईंना कळायच्या आत निस्तरावं, म्हणून कडी लावून पुसत बसलो होतो."

पडद्याचा वीतभर काठ काळा पडला होता. आणि निरांजन न्हाणीघरातल्या वॉश बेसिनमध्ये तेवत होतं.

"विझवलं नाहीत?" काकूंनी विचारलं.

काकांना ऐकू आलं नाही, पण बायकोची नजर कळली. "तुझा नेम. मी कसा विझवू?"

यजमानीणबाई दारातच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. काकूंनी निरांजनाला एकदा हात जोडले आणि दोन बोटांच्या चिमटीत वात विझवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बोटांना चटका बसला, तो त्यांनी बसू दिला. मग त्या खुर्चीवर चढल्या, यंत्राची टोपी काढली आणि यजमानीणबाईंच्या हातात नेऊन दिली.

"सांग त्यांना, तू खोटी नव्हतीस. मी होते," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेनं किती सांगितलं, कोण जाणे. बाईंनी टोपी उलटसुलट करून पाहिली, खिशात घातली. मग कोपऱ्यातला झाडू घेतला आणि त्याच्या दांड्यानं छतावरच्या यंत्राचं चाचणीचं बटण दाबलं.

किंकाळीनं खोली भरून गेली. सुनेनं कान झाकले, काकूंनी झाकले, खुद्द बाईंनी डोळे मिटून घेतले.

काका त्यांच्याकडे पाठ करून रजईची घडी घालत होते. टोकाला टोक जुळेना, तशी त्यांनी ती झटकून पुन्हा शांतपणे पसरली.